कागद वाचायचं वय

शहादेव गुरुजी लिहायला-वाचायला शिकले ते उजवीकडून डावीकडे. निजामाच्या राज्यात, ज्याला तेव्हा मोमिनाबाद म्हणत त्या अंबाजोगाईच्या शाळेत, त्यांनी सातवीपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूतून घेतलं. घरात आईशी मराठी, शाळेत मौलवीसाहेबांशी उर्दू, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांना कधी अडचण वाटली नाही. मग त्यांच्या विसाव्या वर्षी पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेऱ्यांची भाषा बदलली. सातवी पास झाल्याचं सर्टिफिकेट घेऊन ते नोकरीसाठी बीडला गेले, तर टेबलामागच्या नव्या कारकुनाला ते वाचताच येईना. शेवटी शहादेवांनीच त्याला ते वाचून दाखवलं. कारकून म्हणाला, तुम्ही वाचता तेच यात लिहिलंय हे मला कसं कळावं? शेजारच्या खोलीतून निजामाच्या वेळच्या एका म्हाताऱ्या पेशकाराला, म्हणजे कचेरीतल्या जुन्या कारकुनाला बोलावलं, त्यानं मान डोलावली, तेव्हा कुठे काम झालं. ही गोष्ट गुरुजी हसत हसत सांगायचे, पण त्या कारकुनाला त्यांनी कधी मूर्ख म्हटलं नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता, असंच ते म्हणत.

बहात्तर साली ते बोरवाडीच्या शाळेवर होते. युसूफ वडगावहून बैलगाडीच्या वाटेनं दोन कोस आत गेलं की बोरवाडी लागते. चौथीपर्यंतची दोन शिक्षकी शाळा. त्या वर्षी मृगही गेला आणि मघाही कोरड्या गेल्या. गावातली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. दुसऱ्या गुरुजींना त्या कामावर हजेरी घ्यायला नेलं होतं, म्हणून पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच खोलीत शहादेव गुरुजींपुढे बसत. दुपारी सुकडी वाटली जाई, आणि पोरं शाळेत येत ती बरीचशी त्या सुकडीसाठी. गुरुजींना हे ठाऊक होतं. पोरं येतात तर खरी, मग आलीच आहेत तर काहीतरी शिकवू, असा त्यांचा हिशेब होता.

एका दुपारी चौथीच्या इतिहासाचा तास चालला होता. एका राजानं दुष्काळात रयतेचा शेतसारा माफ केला, अशी गोष्ट ते सांगत होते. सांगून झाल्यावर नेहमीसारखं विचारलं, काही शंका? अशा प्रश्नावर पोरं गप्प बसतात. त्या दिवशी बायडा उठून उभी राहिली. ऊसतोडीला जाणाऱ्या बंकटची ही थोरली मुलगी, नऊ वर्षांची, मोठ्या डोक्याची आणि बारीक मानेची.

"गुरुजी, हे कुणी बघितलं?"

गुरुजी म्हणाले, पुस्तकात आहे. तिनं विचारलं, पुस्तकवाल्यानं बघितलं का? नाही, त्यानं जुने कागद वाचले, त्या काळी लिहून ठेवलेले. त्यावर बायडा म्हणाली, "मंग तो कागद दाखवा की."

वर्ग हसला. गुरुजींना हसू आलं नाही. वीस वर्षं ते इतिहास शिकवत होते आणि एकाही पोराला त्यांनी एकसुद्धा जुना कागद दाखवला नव्हता. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, जानकीबाईंना हे सांगितलं. त्या चुलीपुढे रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकी ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. ती भाकरी काही केल्या जुळत नसे, सारखी भेगाळायची, आणि त्या वैतागलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, नऊ वर्षांच्या पोरीला कागदातलं काय कळतंय? गुरुजी म्हणाले, तेच मला बघायचंय.

कागद मिळाला तो सुंदररावांकडून. सुंदरराव गावातले मोठे जमीनदार आणि सेवा सोसायटीचे चेअरमन. सोसायटीच्या नव्या गोदामात त्या वर्षी खताऐवजी सरकारी कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि चाऱ्याची वाटणी सुंदररावांच्या हातात होती. त्यांचे वडील निजामाच्या काळात गावचे पटवारी होते. वडिलांची कागदांनी भरलेली लोखंडी ट्रंक घरात तशीच पडून होती, कारण घरात कुणालाच उर्दू येत नव्हतं. गुरुजींनी जुना कागद मागितला तेव्हा सुंदरराव खूश झाले. ट्रंक ओसरीवर आणवली, गुरुजींना चहा दिला आणि म्हणाले, वाचून तर दाखवा आमच्या दादांनी काय काय लिहून ठेवलंय.

बहुतेक कागद शेताच्या हद्दींचे होते. एक मात्र निराळा निघाला. तहसीलदाराला पाठवलेल्या अर्जाची ती नक्कल होती, फसली तेराशे तीस सालची, म्हणजे पन्नासेक वर्षांमागची. अक्षर फार सुंदर, प्रत्येक ओळ सारख्या उंचीची. गुरुजींनी वाचलं : पाऊस कमी झाला आहे, तरी गावाची हालत काबिले-इत्मीनान, म्हणजे समाधानकारक आहे. पाणी आणि चारा पुरेसा आहे. रयतेची काही तक्रार नाही.

"म्हंजे दादांनी त्या दुष्काळात गाव सांभाळलं," सुंदरराव म्हणाले. "हे दाखवा पोरांना. कळू द्या, गाव कसं चालवायचं असतं ते."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तो कागद एका पाटीवर ठेवून वर्गात फिरवला. हात लावायचा पण दाबायचं नाही, एवढंच सांगितलं. आणि मग खुर्चीवर बसून कोण काय करतंय ते बघत राहिले. नंतर कित्येक वर्षं ते त्या तासाबद्दल बोलत, इतकी मजा त्यांना त्या दिवशी आली होती.

पहिलीतल्या पोरांनी कागद हुंगला. कसरीनं पाडलेली भोकं मोजली, एका भोकातून डोळा लावून बाहेर बघितलं. दुसरीतल्यांना ओळी उलट्या बाजूनं सुरू होतात याचं नवल वाटलं आणि त्यांनी आपापली नावं उजवीकडून लिहायचा खेळ सुरू केला. तिसरीतल्यांनी विचारलं की हे लिहिणारा माणूस कोण, तो कसा दिसायचा, बसून लिहायचा की पाटावर वाकून. कागद चौथीच्या पोरांपर्यंत आला तेव्हा गुरुजींनी तो कोणत्या दुष्काळातला ते आणि त्याचा मराठीतून अर्थ सांगितला. पोरं ऐकत राहिली. पाणी पुरेसं, चारा पुरेसा. त्यांच्या स्वतःच्या गावात तेव्हा दोनच विहिरींना ओल होती आणि बाया तळाशी उतरून वाटीनं पाणी भरत होत्या.

"आमची तुळजाआजी तर म्हणती, त्या साली गाव वस पडलं व्हतं," बायडा म्हणाली.

तुळजाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई, बायडाच्या घराशेजारी राहणारी. ऐंशीच्या आसपासची असेल.  चौथीच्या सगळ्या पोरांना गुरुजी म्हणाले, जा, आजीला विचारून या. काय विचारायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पोरं गेली आणि जे ऐकून आली त्यानं वर्गाचा रंगच बदलला. तुळजाबाई तेव्हा गावातली तरणी सून होती. त्या साली बोरवाडीत पाच-सहा घरांतच चूल पेटत होती. बाकीची माणसं गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला निघून गेली होती. तिच्या सासऱ्यानं दारातली गाय सोडून दिली, कारण बांधून मारण्यापेक्षा सोडून दिलेली बरी. तिचा धाकटा दीर वाटेतच गेला. पोरांनी हे सगळं एकमेकांच्या तोंडातून हिसकावत सांगितलं, आणि मग एक पोरगा सहज म्हणून गेला की मग पटवारी खोटं लिहीत व्हता.

हे वाक्य संध्याकाळच्या आत सोसायटीच्या ओट्यावर पोचलं.

सुंदररावांनी गुरुजींना बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत. ओट्यावरच्या माणसांना त्यांनी उठवून लावलं, गुरुजींना आत नेऊन दार लोटलं आणि मग बोलले. मी विश्वासानं कागद दिला, त्याचं तुम्ही हे केलं. आज मी चारा वाटतो, उद्या कुणी म्हणेल बाप तसा लेक. गुरुजी म्हणाले, मी कुणाला काही शिकवलं नाही, पोरांनी विचारलं आणि आजीनं सांगितलं.

"चौथीची पोरं हायेत ती, मास्तर. त्यास्नी अजून ढुंगण धुवायची अक्कल न्हाई, आन् माझ्या मेलेल्या बापाचा न्याय करायला बसवलं तुमी."

 घरी येताना गुरुजींना वाटत राहिलं की सुंदररावांचं सगळंच चूक नाही. पोरगा ज्या सहजपणे 'खोटं' म्हणाला, तो सहजपणा त्यांनाही टोचला होता. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाला तीन मिनिटांत निकालात काढणं हा इतिहास नव्हे. पण ते पोराला कसं समजावायचं, आणि नऊ वर्षांच्या पोराला समजतं का, हे त्यांना माहीत नव्हतं.

आठवड्याभरात ही गोष्ट केजला पोचली आणि तिथून शिक्षण विस्तार अधिकारी आले. चांगला माणूस, अभ्यासू. त्यांनी गुरुजींचं सगळं ऐकून घेतलं, कागदही बघितला. मग म्हणाले की जुने दस्तऐवज शिकवायला माझी ना नाही, पण त्याचं एक वय असतं. सातवी-आठवीत शिकवा. लहान मुलाला आधी पुस्तकावर, शिक्षकावर, मोठ्या माणसावर विश्वास ठेवायला शिकू द्या. आधी घर बांधलं पाहिजे, मग भिंत ठोकून बघायची. तुम्ही भिंत उभी राहायच्या आधीच ठोकायला लावताय. गुरुजींना हे बोलणं पटलंही आणि नाहीही. अधिकाऱ्यांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की इतिहास क्रमिक पुस्तकातूनच शिकवावा, आणि ते जीपमधून परत गेले.

गुरुजींनी कागद सुंदररावांच्या घरी पोचवला आणि पुस्तक उघडलं. चौथीचा वर्ग शांत झाला, म्हणजे नेहमीसारखा झाला.

बायडाला मात्र कुणी थांबवलं नव्हतं. ती शेजारीच राहायची. संध्याकाळी तुळजाबाईची घागर भरायला ती जायची, तेव्हा तिनं आपल्या मनानं म्हातारीला आणखी विचारलं. पटवारी वाईट माणूस होता का? तुळजाबाई म्हणाली, न्हाई गं, चांगला होता. मग त्यानं असं कावून लिहिलं? यावर म्हातारीनं जे सांगितलं ते बायडानं सकाळी शाळा भरायच्या आधी गुरुजींच्या दारात येऊन सांगितलं. धाप लागली होती तिला.

लिहायला गावानंच सांगितलं होतं. दुष्काळ आहे असं कळवलं की तहसीलचा साहेब पाहणीला येई. एकटा येत नसे. घोडी, शिपाई, आचारी, कारकून, सगळा लवाजमा. गावानं त्यांना कोंबड्या द्यायच्या, घोड्यांना दाणा द्यायचा, सामान वाहायला माणसं द्यायची, तीही फुकट. ज्या गावात खायला नाही त्या गावानं हे सगळं करायचं. साऱ्यात सूट मिळायची ती मिळायची, पण तिचा कागद येईपर्यंत माणूस जगायचा कसा? म्हणून चावडीत बसून म्हातारे पटवाऱ्याला म्हणाले, लिही सगळं ठीक हाय म्हून, साहेबाला हिकडं फिरकू देऊ नको. तुळजाबाईचा सासरा त्यांच्यात होता.

गुरुजी दारातच उभे राहिले. पोरगी समोर उभी. तिला पुढचा प्रश्न पडला होता आणि तो तिनं विचारला.

"मंग गुरुजी, ते खोटं झालं का खरं?"

"तुला काय वाटतं?"

"कागद खोटा हाय," ती विचार करत म्हणाली. "पर माणूस न्हाई."

गुरुजींनी त्या दिवशी शाळा थोडी उशिरा भरवली. आधी ते तुळजाबाईकडे गेले आणि तिला घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले. नात्यानं ती सुंदररावांची लांबची चुलती लागायची. सुंदरराव आधी गुरुजींशी बोलेनात, पण म्हातारीला त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. चावडीत कोण कोण बसलं होतं, कोण काय म्हणालं. तुझा बाप तयार न्हवता बाबा, ती म्हणाली. तो म्हणत व्हता, उद्या कळलं तर माझी नोकरी जाईल. आमच्या मामंजींनी त्याच्या पायावर पागोटं ठेवलं, तवा त्यानं लिहिलं.

सुंदरराव ऐकत होते. त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि मग थांबेचनात. दादा घरी आल्यावर काही बोलले का? आईला माहीत होतं का? दुसऱ्या गावांनीही असंच केलं का? तहसीलला कधी कळलं का? म्हातारीला निम्म्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. पन्नाशीचा माणूस, तालुक्यात वजन असलेला, आणि वडिलांबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा कळत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "काकू, हे आजवर मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू कदी इचारलं व्हतंस?" तुळजाबाई म्हणाली. तिला त्यात टोमणा मारायचा नव्हता. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच.

दोन दिवसांनी सुंदरराव शाळेत आले. हातात तोच कागद. गुरुजींनी खुर्ची पुढे केली, ती नको म्हणाले आणि भिंतीला टेकून पोरांच्या मागे चवड्यावर बसले. गुरुजींना विस्तार अधिकाऱ्यांचा शेरा आठवत होता. तरी त्यांनी पुस्तक मिटलं आणि बायडाला चौथीच्या पोरांपुढे पुढची हकिकत सांगायला लावली. ज्या पोरानं पटवाऱ्याला खोटं म्हटलं होतं तो मान खाली घालून बसला होता. गुरुजींनी त्याला काही म्हटलं नाही. उलट त्यालाच विचारलं की तू पटवारी असतास तर काय लिहिलं असतंस? त्यावर अर्धा तास भांडण चाललं. एक म्हणाला, खरं लिहून साहेबाला वेशीवरच अडवलं असतं. दुसरा म्हणाला, अडवून बघ. तिसरीतली एक पोरगी म्हणाली, दोन कागद लिहायचे, एक साहेबाला आणि एक आपल्याला ठेवायला. यावर सुंदरराव मोठ्यानं हसले. त्या महिन्यात पोरं त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होती.

त्यानंतर मात्र तसा तास झाला नाही. दसरा झाला आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. मुकादमाच्या ट्रका गावाच्या वेशीला उभ्या राहिल्या. दरवर्षी निघत त्यापेक्षा त्या वर्षी जास्त घरं निघाली, म्हातारीकोतारी तेवढी मागे राहिली. नगरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यावर बंकटची टोळी जाणार होती. धाकटं भावंड सांभाळायला आणि मोळ्या बांधायला बायडाला बरोबर न्यायचं ठरलं होतं. गुरुजी बंकटला भेटायला गेले. पोरीला मागं ठेवा, आमच्या घरी राहील, जानकीबाई सांभाळतील, असं सांगितलं. बंकट वाईट वाटून घेत म्हणाला की गुरुजी, तुमचं खरं हाय, पर धाकलं पोरगं पाचटात कुणाच्या भरवशावर टाकू?  ट्रक निघाला तेव्हा बायडा भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. तिनं हात केला. रडली वगैरे नाही. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या गाडीत बसली होती, त्यामुळे ती चारी बाजूंना बघत होती.

माघ महिन्यात विस्तार अधिकारी पुन्हा आले. यावेळी ते तपासणीला आले होते, पण त्यांच्या मनात आधीचं प्रकरण घोळत असावं. सुंदररावांनी तालुक्याला कुठेतरी ती सगळी हकिकत सांगितली होती. चहा पिताना अधिकाऱ्यांनी विचारलं की ती आजीला जाऊन 'का' विचारणारी मुलगी कोणती? मला तिच्याशी बोलायचंय. गुरुजींनी सांगितलं की ती ऊसतोडीला गेली.

"परत येईल तेव्हा?"

"पाडव्यानंतर येईल, साहेब. पण शाळेत नाही यायची. धाकटं अजून दोन वर्षांचं आहे, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा जायचं. सातवीत ती असणार नाही."

अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले की माझं म्हणणं तरीही चूक नव्हतं. गुरुजी म्हणाले, नव्हतंच. आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला : पोरांना पहिला जुना कागद दाखवायचा तो खरा निघणारा, शेताच्या हद्दीचा वगैरे, ज्यातली बांधावरची बाभळ आजही जाऊन बघता येईल. ती बघून आल्यावरच दुसरा कागद, ज्याच्याशी भांडता येईल. अधिकाऱ्यांचं भिंतीचं बोलणं त्यांनी असं स्वतःच्या पद्धतीनं पाळलं.

जूनमध्ये त्यांची बदली गेवराई तालुक्यात चकलांब्याला झाली. शेऱ्यामुळे की रीतसर, हे त्यांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. निघताना सुंदररावांनी ट्रंकेतले हद्दींचे चार कागद काढून दिले आणि म्हणाले, तुमी न्या, आमच्या घरात ते नुसते पडून हायेत. पटवाऱ्याचा तो अर्ज मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला.

चकलांब्याची शाळा मोठी, सातवीपर्यंतची. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी सगळ्या वर्गांची मागल्या वर्षीची हजेरी बघितली. दसऱ्यानंतर चौथीतल्या मुलींची नावं झपाट्यानं कमी होत गेली होती. पाचवीत तर थोड्याच उरल्या होत्या. तिसरीत मात्र सगळ्या होत्या, दिवाळीनंतरसुद्धा, कारण एवढ्या लहान पोरीच्या हाती तान्हं पोर देता येत नाही, म्हणून तिला आजीपाशी मागे ठेवतात.

हेडमास्तरांनी विचारलं, कुठला वर्ग घेणार? वीस वर्षांचा अनुभव असलेल्या शिक्षकाला सातवी द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. गुरुजींनी तिसरी मागून घेतली, आणि श्रावण लागायच्या आत चकलांब्यातल्याच एका बांधाचा जुना कागद मिळवून, तो त्या चार कागदांच्या वर पाटीवर ठेवून ते वर्गात शिरले.